वऱ्हाड नदीच्या वाळूत उतरलं, त्या दिवशी

आमच्या ओसरीच्या भिंतीवर हवेचा दाब मोजणारं एक घड्याळ टांगलेलं होतं. गावात सगळे त्याला घड्याळच म्हणत, पण ते वेळ दाखवत नसे. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते हैदराबादेहून आणलं होतं. कोर्टाच्या कामाला गेले होते, काम झालं नाही, आणि येताना लुगडी आणायची सोडून हे घेऊन आले. आत्याबाई, माझ्या सासूबाई, त्यावरून पुढे कितीतरी वर्षं बोलत राहिल्या.

त्याला दोन काटे होते. काळा काटा आपोआप हले. हवेचं वजन वाढलं की चढे, घटलं की उतरे. पितळी काटा आपण हाताने फिरवून काळ्यावर आणून ठेवायचा, म्हणजे पुढच्या खेपेला काळा किती सरकला ते कळे. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तसं हे काम माझ्याकडे आलं. सकाळी दूध तापवून झालं की एकदा, दुपारी भाकरी उरकल्या की एकदा आणि दिवेलागणीनंतर पुन्हा एकदा. मी बघायचे आणि पदर सावरत मामंजींना सांगायचे, "थोडा वर हाय," नाहीतर, "खाली आलाय." ते आभाळाकडे तोंड करून हुंकार द्यायचे. दिसत फारसं नसलं तरी वारा कोणत्या गालाला लागतोय हे त्यांना बरोबर कळे.

या नादातले तिसरे गडी म्हणजे धर्मापुरीकडे नेमणुकीवर आलेले सरकारी दवाखान्याचे डॉक्टर. घोड्यावरून गावोगाव फिरत, आणि आमच्या शिवेत आले की आजारी माणसाच्या आधी घड्याळ बघून जात. त्यांचं लहानपण मछलीपट्टणला, समुद्राच्या काठी गेलेलं. तिथं एकदा तुफान आलं तेव्हा समुद्र गल्लीत शिरला होता, आणि ते आईच्या कडेवरून छपरावर चढले होते. एरवी हसून खेळून बोलणारा हा माणूस, पण तेवढी गोष्ट सांगताना हातातली चहाची बशी खाली ठेवायचा. ते म्हणायचे, "दिवाळीनंतर तिकडं समुद्रात जे उठतं ना पाटीलसाब, ते कधी कधी चालत चालत तुमच्या मुलखात येतं. दमलेलं असतं, पण येतं."

आम्ही तिघं या नादाला लागलो त्याच्या पहिल्याच वर्षी आमची चांगली फजिती झाली होती. एका दुपारी काळा काटा भराभर उतरला. मामंजींनी गावात दवंडी दिली, लोकांनी खळ्यावरची कणसं धावपळ करून घरात भरली, आणि संध्याकाळी चांदणं पडलं. नंतर डॉक्टरांनी उलगडा केला. आपल्याकडे काटा रोजच सकाळी चढतो, दुपारी उतरतो आणि रात्री पुन्हा चढतो. ते हवेचं रोजचं श्वास घेणं आहे, त्यात भ्यायचं काही नाही. पण तोवर गावाला विषय मिळाला होता. पाणवठ्यावर बायका मला विचारायच्या, "काय गं, आज तुमच्या घड्याळात पाऊस किती वाजता हाय?"

मी सांगते आहे ती हकीकत त्यानंतरच्या कार्तिकातली. माझ्या नणंदेचं लग्न ठरलं होतं. मी तिला वन्सं म्हणायची, पण वयाने ती माझ्याहून लहान होती आणि आमचं दोघींचं गूळपीठ होतं. मुलाकडचे युसूफ वडगावचे, मोठं शेतीवाडीचं घर. तुळशीचं लग्न झालं आणि आमच्याकडे मांडव पडला. दारात आंब्याच्या डहाळ्या, अंगणात पापडांच्या खाटा, घर पाहुण्यांनी फुललेलं. वऱ्हाड गाड्या जोडून निघाल्याची खबरही आली होती. मोमिनाबादेला मुक्काम करून ते आमच्या नदीवर उतरणार होते.

आमच्या गावात वऱ्हाडाचा जानोसा, म्हणजे उतरायची जागा, नेहमी नदीतच असे. पात्र रुंद, कार्तिकात पाणी जेमतेम घोट्याएवढं, बाकी सगळी पांढरी स्वच्छ वाळू. मधोमध करंजाच्या झाडांचं एक उंचवट्याचं बेट होतं. बैलांना पाणी, माणसांना सावली. गावात एवढ्या गाड्या मावण्यासारखी दुसरी जागाही नव्हती.

त्या संध्याकाळी मी दिवा लावला, बायकांना भाकरी वाढल्या आणि सवयीने घड्याळापुढे जाऊन उभी राहिले. दुपारी मी पितळी काटा काळ्यावर ठेवला होता. आता काळा वर चढलेला असायला हवा होता. तो खाली होता.

मला वाटलं दिव्याच्या उजेडात चुकलं. दिवा जवळ धरला. काचेवर हळूच बोटाने टिचकी मारली, तशी मारायची असते, म्हणजे अडकलेला काटा सुटतो. टिचकीसरशी काळा काटा हलला, आणि आणखी खाली गेला.

मागे ओसरीवर बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. मी मामंजींच्या जवळ जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, "मामंजी, काटा चढला न्हाई."

"दुपारचा किती उतरलता?"

"रोजच्यावानीच. पण आता चढायचा तर अजून उतरलाय."

त्यांनी वाऱ्याकडे गाल केला. मग म्हणाले, "पुन्यांदा बघ." मी बघून आले. त्यांनी तिसऱ्यांदा पाठवलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. सासऱ्याने सुनेचं मनगट धरावं अशी आमच्या घरातली रीत नव्हती. म्हणाले, "सकाळी डॉक्टरला बोलावणं धाड. आत्ता कुणाला बोलू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ निरभ्र म्हणावं असंच होतं. फक्त फार उंचावर, उगवतीकडून पांढऱ्या केसांच्या बटा पसराव्यात तसे बारीक ढग आले होते आणि सूर्याभोवती एक फिकट कडं पडलं होतं. वारा पूर्वेचा, कोमट आणि ओला. पापड वाळत नव्हते. आत्याबाई हवेला शिव्या घालत होत्या.

डॉक्टर आले ते घोड्यावरून उतरल्याबरोबर घड्याळाकडे गेले. बराच वेळ बघत राहिले. मग मामंजींपुढे बसून हलक्या आवाजात म्हणाले, "पाटीलसाब, मी काल परळीला होतो. ठेसनमास्तर सांगत होते, समुद्राकडच्या गाड्या येईनात. आधी तार आली, तिकडं मोठं तुफान किनाऱ्याला लागलं म्हणून. मग तारच बंद झाली. विचारलं तर जबाब नाही."

"किनाऱ्याला लागलं म्हंजी तिथंच मोडलं का?"

"अल्ला जाने. मोडलं तर काटा का उतरतोय?"

आत्याबाईंनी दाराआडून ऐकलं होतं. त्या तिथूनच कडाडल्या. "कावून ही अवदसा सुचती तुमाला? पोरीच्या अंगाला हळद लागायची हाय, आन तुमी तुफान तुफान करताय! मागच्या बारीला गावानं थुकलं तेवढं पुरं न्हाई झालं?"

मला मामंजींचा चेहरा आठवतो. त्यांना दोन्हीकडून भीती वाटत होती. पाऊस आला तर वऱ्हाड नदीत असणार होतं. आणि आला नाही तर, पाटलाने व्याह्यांना उतरायला जागा दिली नाही, असा बोभाटा झाला असता आणि तो पोरीच्या माथी जन्मभर बसला असता. सासरी गेल्यावर तिला पहिल्या दिवसापासून तेच ऐकावं लागलं असतं. वन्सं आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होती. मी आत गेले तर तिने विचारलं, "वयनी, लगीन मोडंल का?" मी म्हटलं, "न्हाई गं." पण माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

शेवटी मामंजींनी माझ्या यजमानांना घोडं देऊन वऱ्हाडाच्या वाटेवर पाठवलं. निरोप असा, की नदीत उतरू नका, सरळ गावात या. बायकामाणसांना आमच्या वाड्यात, बाप्यांना देवळात नि चावडीत जागा करतो. यजमानांचा स्वतःचा घड्याळावर काडीचा विश्वास नव्हता. तरी वडिलांचा शब्द म्हणून गेले. सांजच्याला परत आले ते घामाघूम आणि रागावलेले.

"काय म्हणले?" मामंजींनी विचारलं.

"काय म्हणत्यात! नवरदेवाचा बाप म्हणला, सीमांतपूजनाच्या आदी नवरीच्या घरात पाय ठिवायची रीत कुन्या गावची? म्हणला, तुमच्या बाला जागा द्यायची न्हाई तर तसं सांगा, आमी आल्या पावली माघारी जातो. लई वाईट दिसलं, दादा. पुन्हा मला धाडू नका."

त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. काटा खालीच होता.

वऱ्हाड सकाळी आलं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज नदीच्या पलीकडच्या चढावरून ऐकू आला. एकामागून एक गाड्या वाळूत उतरल्या. राहुट्या पडल्या, चुली मांडल्या, पोरं घोट्याएवढ्या पाण्यात नाचायला लागली. सनई सुरू झाली. आभाळ आता दुधासारखं झालं होतं, सूर्य त्यात खडीसाखरेच्या खड्यासारखा दिसत होता. वारा मात्र साफ पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. मी घड्याळ बघितलं. सकाळी काटा चढतो, ती त्याची चढायची वेळ. तो रात्रीपेक्षाही खाली गेला होता.

मी मामंजींना सांगितलं. ते उठले. काठी घेतली. "चल माझ्यासंगं," म्हणाले.

"मी?"

"मला दिसत न्हाई. बघितलंय तू. तूच सांग त्यास्नी."

नवरीची भावजय मुलाकडच्या बाप्यांपुढे जाऊन बोलते हे त्या काळात कुणी ऐकलेलं नव्हतं. आत्याबाई आडव्या आल्या, पण मामंजी थांबले नाहीत. डॉक्टर शेजारच्या गावातला आजारी बघून नुकतेच येऊन पोचले होते. ते, मामंजी, मागे तोंडावर पदर ओढलेली मी, असे आम्ही उतारावरून वाळूत गेलो. यजमान आधीच तिथं पाहुण्यांच्या सरबराईत होते. मला बघून त्यांचा चेहरा उतरला.

नवरदेवाचे वडील करंजाच्या सावलीत घोंगडी टाकून बसले होते. भारदस्त माणूस, मोठं पागोटं, मिशा चोपून बसवलेल्या. त्यांनी मामंजींचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग डॉक्टरांचं. मग हसले.

"म्हंजी तुमास्नी सोताला दिसत न्हाई. डाक्टरसाहेबांनी सकाळपास्नं बघितलं न्हाई. बघितलं ते या सूनबाईनी. आता बाईमाणसाच्या सांगण्यावरनं आमी पसारा उचलायचा? पाव्हणं, वर बघा. ढग तरी हाय का बरसायजोगा?"

भोवतालचे बाप्ये हसले. मला बोलायचं होतं. टिचकी मारल्यावर काटा कसा खाली गेला, ते सांगायचं होतं. पण त्या हसण्यापुढे मी पदर आणखी खाली ओढला.

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली एक बाई उठून आली. ती नवरदेवाची आत्या. वऱ्हाडातल्या बायकांचा सगळा कारभार तिच्या हातात होता. तिने मला हाताला धरून एका बाजूला नेलं, माझा पदर जरासा वर केला आणि तोंडाकडे बघितलं.

"पोरी, तुला तुज्या सासऱ्यानी पढवून आणलंय का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग अशी कावून कापायलीस?"

"मला भ्या वाटतंय," मी म्हटलं. एवढंच सुचलं. "लई भ्या वाटतंय."

तिने माझा पदर नीट केला. मग वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "उठा गं बायांनो. लेकरं घ्या, बोचकी घ्या. वरी गावात जायचं."

नवरदेवाचे वडील ताडकन उभे राहिले. "अक्का, काय चालवलंय हे?"

"तुला बसायचं तर बस हितं. माज्या भावजयांस्नी नि लेकरांस्नी मी हितं बसू देणार न्हाई. आन नवरदेव बी माज्यासंगं येईल." तिने खरंच नवरदेवाचा दंड धरला. हळदीने पिवळा झालेला तो तरणाताठा गडी निमूटपणे तिच्या मागे चालायला लागला.

बायका, पोरं, म्हातारीकोतारी अशी सगळी वर आली. आत्याबाई तोंडाने बडबडत होत्या, पण त्यांनी भराभर सतरंज्या टाकल्या, पाणी दिलं. वाळूत राहिले ते बाप्ये, गाडीवान, बैल आणि हट्टाला पेटलेले नवरदेवाचे वडील. व्याही तिथं बसलेले असताना घरच्या माणसाने त्यांना सोडून यायचं नसतं, म्हणून माझे यजमानही तिथंच राहिले. तो विचार मी आधी केलाच नव्हता. उतार चढून वर आल्यावर मागे बघितलं आणि मग माझ्या ध्यानात आलं.

दुपारी पहिल्यांदा वारा आला. सूं करून, एकदम, ईशान्येकडून. मांडवाच्या डहाळ्या कौलांवर जाऊन पडल्या. मागोमाग पाऊस आला, तो आमच्या ओळखीचा पाऊस नव्हता. थेंब आडवे येत होते, भिंतीवर मूठभर वाळू फेकून मारल्यासारखा आवाज होत होता. अंगणातलं काही दिसेना. घरातली पोरं रडायला लागली. वन्सं माझ्या कमरेला मिठी मारून बसली. डॉक्टर ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते, ओठ हलत होते, बहुतेक दुआ म्हणत होते. कुणीतरी काहीतरी विचारलं तर त्यांना ऐकू गेलं नाही. लहानपणीचं तुफान त्यांच्या डोळ्यापुढे आलं असावं.

आमच्या गावावर पडणाऱ्या पावसाने नदीला पूर येत नाही. पूर येतो तो वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाने. वरती तो कधीपासून पडत होता कुणास ठाऊक. आम्हाला आधी आवाज आला. वाऱ्याच्या आवाजाखालून एक वेगळा, जड आवाज, जात्याच्या घरघरीसारखा. मामंजी उठून उभे राहिले. "पाणी आलं," म्हणाले. बाकी कुणाला ते कळायच्या आत मी पावसात पळत सुटले होते. डोक्यावर पदर आहे की नाही याची शुद्ध नव्हती.

काठावर पोचले तेव्हा वाळू नव्हती. एवढा पांढरा पट्टा सकाळी होता, तिथं तांबडं पाणी वाहत होतं, त्यात कडबा, फांद्या, कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर. मधे तेवढं करंजाचं बेट. गाडीवानांनी पाऊस लागल्यावर गाड्या बेटावर घेतल्या होत्या, उंच जागा म्हणून. आता दोन्ही बाजूंनी पाणी होतं. माणसं झाडांवर चढत होती. मला यजमान दिसेनात. मी त्यांना हाका मारत होते. नवऱ्याला हाक मारायची ती माझी आयुष्यातली पहिली वेळ. कुणाला ऐकू जाणार?

मग दिसले. ते झाडावर नव्हते. ते कमरेएवढ्या पाण्यात होते, हातात विळा होता. बैल गाड्यांना बांधलेले होते, पाणी वाढलं की जागीच बुडाले असते. ते एकेका बैलाची वेसण आणि दावं कापत होते. सुटलेला बैल पाण्यात उडी घेई, शिंगं वर ठेवून खाली वाहत जाई आणि दूरवर कुठेतरी काठाला लागे. एक जोडी सुटली, दुसरी सुटली. पाणी त्यांच्या छातीला आलं. झाडावरून कुणीतरी ओरडत होतं, "पुरे बे, वरी ये!" एक गाडी उचलली गेली, गोल फिरली आणि त्यांच्या अंगावर आली. ते दिसेनासे झाले.

माझ्या बाजूला आत्याबाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या मला माहीत नाही. त्यांनी माझ्या दंडात नखं रुतवली होती. पुढे कितीतरी दिवस ते वळ होते. तेवढा वेळ किती होता कोण जाणे. मला आजही कधी कधी तो संपलेला वाटत नाही.

मग करंजाच्या खालच्या फांदीला एक हात दिसला. वरून दोघांनी त्यांना ओढून घेतलं.

गावातले लोक आता जमले होते. घड्याळाला हसणाऱ्यांतलं कुणी आता हसत नव्हतं. मोटेचे जाड नाडे एकमेकांना बांधले गेले. गूळ करायची मोठी काहील होती आमची, रस उकळायची, तीत चार माणसं सहज बसत. ती लोकांनी खांद्यावर उचलून वरच्या अंगाला नेली. गावातले चांगले पोहणारे भोपळे बांधून पाण्यात शिरले आणि नाड्याचं टोक बेटावर पोचवलं. एकदा काहील अर्ध्यावर झाडाच्या ओंडक्याला आदळली आणि कलली, तेव्हा काठावरून एकच किंकाळी उठली. पण नाडा धरणाऱ्यांनी सोडला नाही. अंधार पडायच्या आत सगळी माणसं काठावर आली. एकही माणूस गेला नाही. काही बैल गेले, गाड्या बहुतेक सगळ्या गेल्या.

नवरदेवाचे वडील काहिलीतून उतरले तेव्हा डोक्यावर पागोटं नव्हतं. विरळ, पांढरे केस कपाळाला चिकटले होते, आणि ते एकाएकी म्हातारे दिसत होते. मामंजी कुणाच्या तरी हाताला धरून पुढे आले. दोघांनी एकमेकांचे हात धरले. नवरदेवाच्या वडिलांना काहीतरी बोलायचं होतं, पण दात वाजत होते. मामंजी म्हणाले, "घरी चला. आधी शेकून घ्या." सीमांतपूजनाचं नाव मग कुणी काढलं नाही.

यजमानांचा खांदा निखळला होता. डॉक्टरांनी ओसरीवर निजवून तो बसवला. मी कढत पाणी घेऊन गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. रात्री थंडी भरून आली तरी ते झोपेत बैलांना हाका देत होते.

वादळ त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होतं. गावातली कितीतरी घरं बसली, उभा कापूस चिखलात गेला. त्या अवधीत मी घड्याळाकडे फिरकले नाही. मामंजींनी विचारलं तेव्हा गेले. काळा काटा चढायला लागला होता. तरी मला हायसं वाटलं नाही. तो चढताना बघूनही अंगावर काटा आला.

लग्न मुहूर्त टळून लागलं, वाड्यातल्या ओसरीवर. ओल्या लाकडांचा धूर एवढा होता की मंगलाष्टकं म्हणणाऱ्याला खोकला आवरेना. वऱ्हाडाची अर्धी लुगडी नदीत गेली होती, म्हणून बायका आमच्या घरच्या नेसल्या होत्या, आणि मुलाकडची कोण, मुलीकडची कोण, ओळखू येत नव्हती.

पाणवठ्यावर आता मला घड्याळात पाऊस किती वाजता आहे असं कुणी विचारत नव्हतं. पण दुसरंच कानावर आलं. दोघी-तिघी म्हणत होत्या, की भरल्या लग्नघरात वादळाचं नाव काढलं म्हणून वादळ आलं. पाटलाच्या सुनेच्या जिभेला काहीतरी आहे. मी आले की त्या लेकरांना जवळ ओढून घ्यायच्या. मी घरी येऊन रडले. आत्याबाईंनी कारण विचारलं, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या माझी घागर स्वतः उचलून माझ्याबरोबर पाणवठ्यावर आल्या आणि सगळ्या बायका पांगेपर्यंत तिथल्या दगडावर बसून राहिल्या. पुढे महिनाभर रोज आल्या.

वऱ्हाड परत निघालं तेव्हा नदी उतरली होती, पण पाणी अजून गढूळ होतं आणि तळाचा भरवसा नव्हता. गाड्या गावातून मागून घेतलेल्या. पुढे दोन गडी बांबूने पाणी चाचपत चालले होते. वन्सं पहिल्या गाडीत, नवरदेवाच्या आत्याशेजारी बसली होती. सासरी जाणारी पोर मागे वळून रडते, तशी ती रडली नाही. तिने दोन्ही हातांनी गाडीच्या साटीची कड घट्ट धरली होती आणि ती पाण्याकडे बघत होती. बैल पोटापर्यंत पाण्यात शिरले तेव्हा तिच्या तोंडातून बारीक किंकाळी निघाली. आत्याने तिला छातीशी धरलं, तिचं तोंड आपल्या पदरात झाकलं आणि गाडीवानाला म्हणाली, "हळू घे रं. पोर भ्याली हाय."

गाडी पलीकडच्या काठाला लागून चढ चढेपर्यंत आम्ही सगळे इकडे उभे होतो.